पाच हजार पात्रं आणि एक काळी ट्रंक



या व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी विषय जवळजवळ ठरवूनच टाकला होता. ‘कर्नलसाहेब, सीमेवरचे अनुभव सांगा, बर्फातले किस्से सांगा.’ मी म्हटलं, अहो, मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस. आमचं काम रेशन, पेट्रोल आणि गाड्या. बर्फातले किस्से माझ्याकडे भरपूर आहेत, पण ते बहुतेक सगळे बटाटे कसे गोठले याचे आहेत. मला दुसऱ्या विषयावर बोलू द्या. ‘कोणत्या?’ ‘कॉमिक्सवर.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘चालेल, पण वीस मिनिटांत आवरा.’

तेव्हा लगेच विषयाला हात घालतो. ३१ ऑगस्ट २००९ या दिवशी वॉल्ट डिस्ने कंपनीने जाहीर केलं की ती मार्व्हल एंटरटेनमेंट ही कंपनी विकत घेते आहे. किंमत सुमारे चार अब्ज डॉलर. तेव्हाच्या भावाने जवळपास वीस हजार कोटी रुपये. आणि एवढ्या पैशांत मिळालं काय? जमीन नाही, खाण नाही, मोठा कारखाना नाही. मिळाली पाच हजारांहून अधिक पात्रं. कागदावर काढलेली माणसं. कोणी कोळी चावल्यामुळे भिंतीवर चढणारा, कोणी रागावला की हिरवा होणारा.

मी तेव्हा नोकरीत होतो. मेसमध्ये सकाळचा पेपर चाळताना अर्थपानावर ही बातमी दिसली. शेजारी एक ब्रिगेडियर बसले होते, ते म्हणाले, ‘चित्रांना वीस हजार कोटी?’ मी बी.कॉम. झालेला असल्यामुळे मेसमधले पैशांचे सगळे प्रश्न माझ्याकडे यायचे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर मी या प्रकरणावर मिळेल ते वाचत गेलो. ब्रिगेडियरसाहेब ऐकत असतील तर उत्तराला उशीर झाल्याबद्दल माफी.

मी इंदूरचा. घरात मराठी, गल्लीत हिंदी. दिवाळीला मुंबईहून मामा यायचा आणि त्याच्या पिशवीत इंद्रजाल कॉमिक्सचे मराठी अंक असायचे. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने १९६४ साली ते सुरू केले होते. वेताळ, त्याची कवटीची गुहा, मँड्रेक, लोथार. मला वेताळ अगदी आपला वाटायचा. नावच बघा ना, आपल्याकडे गावोगावी वेताळाचं देऊळ असतं! बरीच वर्षं मला वाटायचं की कोकणातल्या कुठल्यातरी रानात हा राहत असणार. पुढे कळलं की हा फँटम. १९३६ साली अमेरिकेत ली फॉक नावाच्या लेखकाने त्याला जन्माला घातलं आणि त्याचे हक्क किंग फीचर्स सिंडिकेट या कंपनीकडे. आपले टाइम्सवाले फक्त भाडेकरू. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं, तेव्हा वेताळाचं काहीच बिघडलं नाही. तो तिकडे मजेत होता. बिघडलं ते आमच्यासारख्या वाचकांचं.

म्हणजे पात्र एकाचं, छापणारा दुसरा, वाचणारा तिसरा. आणि काढणारा? तो चौथा. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मार्व्हलची सुरुवात १९३९ ची, न्यूयॉर्कची. मार्टिन गुडमन या मासिकं काढणाऱ्या प्रकाशकाने ती केली, तेव्हा नाव होतं टाइमली. १९६१ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत त्या छोट्याशा ऑफिसातून फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, स्पायडरमॅन, आयर्नमॅन, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स असे एकामागून एक बाहेर पडले. स्टॅन ली संपादक आणि लेखक. चित्रं मुख्यतः जॅक कर्बी यांची. स्पायडरमॅन मात्र स्टीव्ह डिट्को यांनी काढला. १९६८ मध्ये गुडमननी कंपनी विकली आणि त्यानंतर मालक बदलत गेले. ते सगळे सांगत बसत नाही. एकावर थांबू.

जानेवारी १९८९ मध्ये रॉन पेरेलमन या धनाढ्य गृहस्थांनी मार्व्हल सव्वाआठ कोटी डॉलरना घेतली. रेव्हलॉन ही लिपस्टिकवाली कंपनी त्यांचीच. त्या वेळी अमेरिकेत एक वेड होतं. लोक कॉमिक्स वाचायला नाही, तर साठवायला घ्यायचे. उद्या भाव येईल म्हणून. आपल्याकडे लोक गावाबाहेर प्लॉट घेऊन ठेवतात, तसं. १९९१ मध्ये एक्स-मेनच्या नव्या मालिकेचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी काढला आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती गेल्या. एकेका माणसाने पाच-पाच घेतल्या. आता मला सांगा, ज्या वस्तूच्या ऐंशी लाख प्रती प्लॅस्टिकच्या पिशव्यांत जपून ठेवलेल्या आहेत, तिला दुर्मीळ म्हणून भाव कसा येणार? हे लोकांच्या लक्षात आलं आणि १९९३ च्या सुमारास बाजार कोसळला.

पेरेलमननी दरम्यान कर्ज काढून खरेदीचा सपाटा लावला होता. बेसबॉलची कार्डं छापणारी फ्लीअर ही कंपनी घेतली, आणि १९९४ मध्ये बेसबॉलच्या खेळाडूंनी संप केला. खेळच नाही तर कार्डं कोण घेणार? पण माझ्यासारख्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास झाला तो पुढची गोष्ट वाचून. १९९४ च्या अखेरीस मार्व्हलने हीरोज वर्ल्ड नावाची एक छोटी वितरण कंपनी घेतली आणि ठरवलं की यापुढे आपला माल फक्त हिच्यामार्फत जाईल. म्हणजे एका विभागापुरतं काम करणाऱ्या कंपनीवर अख्ख्या देशाचा पुरवठा टाकला. मी आयुष्यभर पुरवठ्याचं काम केलं. दहा गाड्यांच्या प्लाटूनवर तुम्ही एका रात्रीत डिव्हिजनचं रेशन टाकलंत तर काय होईल, हे सांगायला कर्नल व्हावं लागत नाही. अंक उशिरा, चुकीचे, कमी. दुकानं बंद पडायला लागली. दुसऱ्या प्रकाशकांनी घाबरून डायमंड नावाच्या एकाच मोठ्या वितरकाशी करार केले. १९९७ मध्ये हीरोज वर्ल्ड संपली. त्याआधीच, २७ डिसेंबर १९९६ ला, मार्व्हल दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती.

मग पेरेलमन आणि कार्ल आयकान या दोन धनदांडग्यांची कोर्टात मारामारी झाली. दोन बोके भांडतात आणि लोण्याचा गोळा तिसराच नेतो, तसं झालं. तो तिसरा म्हणजे टॉय बिझ, मार्व्हलच्या पात्रांची खेळणी बनवणारी कंपनी. आयझॅक पर्लमटर आणि आवी अराड ही तिच्यातली दोन माणसं. १९९८ मध्ये मार्व्हल त्यांच्या हातात आली. पर्लमटर यांची काटकसर हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचा आवडता विषय होता. आमच्याकडे असे क्वार्टरमास्टर असतात. पेन्सिलीचा तुकडा जमा केल्याशिवाय नवी पेन्सिल देत नाहीत. युनिट त्यांना शिव्या घालतं आणि हिशेब मात्र चोख राहतो.

आता पैसे कसे उभे करायचे? पात्रं भाड्याने द्यायची. एक्स-मेन आधीच फॉक्सकडे गेले होते. स्पायडरमॅन सोनीकडे गेला. २००२ मध्ये सोनीचा पहिला स्पायडरमॅन आला आणि जगभरात ८० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमला. मार्व्हलला त्यातला छोटा हिस्सा. वाडा आपला, दुकान भाडेकरूचं, आणि दुकानाबाहेर ही रांग! मालक गॅलरीत बसून बघतोय.

तेव्हा डेव्हिड मेसेल नावाच्या एका माणसाने मार्व्हलला सांगितलं, सिनेमे आपणच काढू. पैसे? २००५ मध्ये मेरिल लिंचकडून साडेबावन्न कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज मिळवलं. तारण काय ठेवलं? दहा पात्रांचे सिनेमाहक्क. कॅप्टन अमेरिका, डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक पँथर, अ‍ॅव्हेंजर्स वगैरे. सिनेमे पडले असते तर ही पात्रं सावकाराच्या घरी गेली असती. घरातले दागिने गहाण ठेवून धंदा टाकतात, तसाच प्रकार. ते दागिनेसुद्धा दुय्यम, कारण पाटल्या-बांगड्या आधीच सोनी आणि फॉक्सकडे. उरलं होतं ते डूल आणि जोडवी. पहिला सिनेमा आयर्नमॅनचा, मे २००८ मध्ये आला. अमेरिकेबाहेर आयर्नमॅन कोण हे फारसं कोणाला माहीत नव्हतं. गल्ला झाला ५८ कोटी डॉलरच्या पुढे.

सव्वा वर्षाने डिस्ने दारात आली.

डिस्नेला गरज काय होती? तिच्याकडे राजकन्या होत्या, मिकी होता, घरातली लहान मुलं आणि विशेषतः मुली होत्या. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की डिस्नेच्या हातून निसटायचा. त्या मुलांसाठी तिने २००९ मध्येच डिस्ने एक्सडी हे चॅनेल सुरू केलं होतं. पण चॅनेल काढून नायक तयार होत नाहीत. तयार नायक विकत घेणं सोपं पडलं. भाव ठरला शेअरमागे ५० डॉलर, त्यातले ३० रोख आणि बाकीचे डिस्नेच्या शेअरमध्ये. आदल्या बंद भावापेक्षा हे २९ टक्के जास्त. त्या दिवशी डिस्नेचा शेअर खाली आला. म्हणजे आमच्या ब्रिगेडियरसाहेबांना पडलेला प्रश्न वॉल स्ट्रीटलाही पडला होता. ३१ डिसेंबर २००९ ला व्यवहार पूर्ण झाला.

गंमत अशी की डिस्नेने वाडा घेतला तो पागडीच्या कुळांसकट. स्पायडरमॅनचे सिनेमे सोनीकडेच राहिले. एक्स-मेन फॉक्सकडे राहिले. ते परत आणायला डिस्नेला २०१९ मध्ये फॉक्सचा मोठा भागच विकत घ्यावा लागला, ७१ अब्ज डॉलरना. (त्यात आपलं स्टार इंडियाही गेलं, पण तो विषय वेगळा.) सगळ्यात मजेदार कूळ फ्लोरिडात आहे. ऑर्लँडोला युनिव्हर्सल कंपनीचं करमणुकीचं उद्यान आहे. तिने १९९४ मध्येच मार्व्हलशी करार केला होता. त्याच गावात डिस्नेचं त्याहून मोठं उद्यान आहे, पण आजही तिथे डिस्नेला स्वतःच्या मालकीचा स्पायडरमॅन उभा करता येत नाही. मुलं विचारतात, स्पायडरमॅन कुठे आहे? पलीकडे, शेजाऱ्याच्या अंगणात.

आणि या भाडेकरूचा आपल्याला एक फायदाही झाला. २०१९ मध्ये डिस्नेचा अ‍ॅव्हेंजर्स एंडगेम भारतात आला तो इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत. मराठीत नाही. चेन्नईत, हैदराबादेत राहणाऱ्या माझ्या मराठी मित्रांची नातवंडं तो तमिळ-तेलुगूत बघून आली. २०२३ मध्ये सोनीने स्पायडरमॅनचा अ‍ॅनिमेशनपट आणला, अक्रॉस द स्पायडर-व्हर्स. तो दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. त्यात पवित्र प्रभाकर हा हिंदुस्थानी स्पायडरमॅनही आहे. हे पात्र २००४ मध्ये भारतातल्याच कॉमिकमध्ये जन्मलेलं. माझ्या नातवाने तो सिनेमा मराठीत बघितला आणि घरी येऊन विचारलं, ‘आजोबा, आयर्नमॅनला मराठी येत नाही का?’ मी म्हटलं, त्याचा मालक वेगळा आहे.

ताबा घेण्याबद्दल थोडं बोलतो, कारण तो माझ्या अनुभवातला विषय आहे. सैन्यात नवा कमांडिंग ऑफिसर आला की हँडिंग-टेकिंग ओव्हर होतं. काहींना पहिल्याच आठवड्यात खाज सुटते. रस्त्याकडेच्या दगडांना गेरू होता, तर चुना लावा. चुना होता, तर गेरू लावा. जवान निमूट रंग देतात आणि मनात म्हणतात, दोन वर्षांनी परत. डिस्नेचे तेव्हाचे प्रमुख बॉब आयगर यांनी हे केलं नाही, याचं मला कौतुक आहे. त्याआधी २००६ मध्ये त्यांनी पिक्सार घेतली होती आणि तिथल्या लोकांना त्यांचं काम करू दिलं होतं. आयगर यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे की पर्लमटर यांचा विश्वास बसावा म्हणून पिक्सारचे पूर्वीचे मालक असलेल्या स्टीव्ह जॉब्जनी स्वतः फोन करून सांगितलं, हा माणूस दिलेला शब्द पाळतो. मार्व्हलचं नाव तसंच राहिलं. सिनेमे बघणारे केव्हिन फायगी तिथेच राहिले. पर्लमटरही राहिले. २०१२ चा अ‍ॅव्हेंजर्स दीड अब्ज डॉलरवर गेला आणि चार अब्ज जास्त वाटले होते ते लोक गप्प झाले. अर्थात कायमचं काही नसतं. २०१५ मध्ये सिनेमांचं खातं पर्लमटर यांच्याकडून काढलं आणि २०२३ मध्ये त्यांनाच घरी पाठवलं.

इथपर्यंत ब्रिगेडियरसाहेबांना उत्तर मिळालं असेल. चित्रांना वीस हजार कोटी दिले नव्हते. चित्रांमधून पुढची पन्नास वर्षं जे निघेल, त्याच्या हक्काला दिले होते.

आता तो चौथा माणूस.

जॅक कर्बी. जन्म १९१७, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत. जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी कॅप्टन अमेरिका तयार केला. पहिला अंक डिसेंबर १९४० मध्ये स्टॉलवर आला आणि मुखपृष्ठावर कॅप्टन अमेरिका हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. उतरायला अजून एक वर्ष होतं. १९४३ मध्ये कर्बी स्वतः भरती झाले, इन्फंट्रीत. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते ऑगस्ट १९४४ मध्ये उतरले, पॅटनच्या थर्ड आर्मीत. त्यांनी स्वतः नंतर सांगितलेली हकीकत अशी: एका लेफ्टनंटला कळलं की हा कॅप्टन अमेरिका काढणारा कर्बी. कर्बींना वाटलं, आता बसून काढायचं काम मिळणार. लेफ्टनंट म्हणाला, छान, चित्रं काढता येतात ना? मग पुढे जा, शत्रूच्या जागा बघ आणि नकाशे काढून आण. सैन्यात कला दाखवली की असंच होतं! त्या हिवाळ्यात त्यांचे पाय थंडीने इतके बिघडले की हॉस्पिटलात ठेवावं लागलं. मी उंचावर नोकरी केली आहे. काळे पडलेले पाय बघितले आहेत. या माणसाबद्दल मला परकेपणा वाटत नाही.

१९६० च्या दशकात कर्बींनी मार्व्हलसाठी हजारो पानं काढली. पगार नव्हता, पानामागे पैसे. नफ्यात हिस्सा नव्हता. १९८० च्या दशकात मार्व्हल चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत द्यायला लागली. कर्बींना मात्र वेगळा, लांबलचक कागद सही करायला पाठवला. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १९८७ मध्ये दहा हजारांहून अधिक पानांपैकी सुमारे दोन हजार परत मिळाली. १९९४ मध्ये कर्बी गेले. सप्टेंबर २००९ मध्ये, म्हणजे डिस्नेच्या घोषणेनंतर काही आठवड्यांत, त्यांच्या मुलांनी ४५ नोटिसा पाठवल्या, की आमच्या वडिलांच्या निर्मितीवरचे हक्क आम्हाला परत हवेत. कोर्ट कंपनीच्या बाजूने गेलं, २०११ मध्ये आणि अपिलात २०१३ मध्येही. काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालं, म्हणून पहिल्या दिवसापासून ते कंपनीचंच. प्रकरण सुप्रीम कोर्टाच्या उंबरठ्यावर होतं तेव्हा, सप्टेंबर २०१४ मध्ये, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. २०१७ मध्ये डिस्नेने कर्बींना मरणोत्तर डिस्ने लेजंड हा सन्मान दिला.

हे सगळं मी निवृत्तीनंतर इंदूरच्या घरात, आरामखुर्चीत बसून वाचत होतो. कंपनीला मनात दोन-चार शिव्याही घातल्या. आणि मग माळ्यावरची माझी काळी ट्रंक आठवली.

१९८८ साल. मी कॅप्टन. डोंगराळ भागात आमच्या शक्तिमान गाड्यांचा कॉन्व्हॉय चालायचा. शक्तिमान म्हणजे ट्रक, टीव्हीवाला नव्हे. त्या एका हंगामात आमच्या तीन गाड्या दरीत गेल्या. ड्रायव्हरांसाठी सूचनांचं पुस्तक होतं, पण ते कोणी वाचत नव्हतं. युनिटमध्ये सातारा जिल्ह्यातला एक नायक होता, ड्रायव्हरच. तो गाडीच्या जुन्या डायऱ्यांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायचा. मी त्याला म्हटलं, याचं पुस्तक कर. त्याने चोवीस पानं काढली. नायक कोण, तर एक म्हातारा शक्तिमान ट्रक. हेडलाइटचे डोळे, बंपरच्या वर झुपकेदार मिशा. वळणावर ब्रेक दाबणाऱ्या पोरसवदा ड्रायव्हरला तो खडसावतो, बर्फावर चेन बांधायला विसरला तर रुसून बसतो. खालच्या दोन-दोन ओळी हिंदीत मी लिहिल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्याने एक छोटासा पतंग काढला होता. ‘हे काय रे?’ विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, सही समजा.’

पुस्तक वर गेलं, सगळ्यांना आवडलं, छापून आलं. छापताना कडा कापल्या गेल्या, त्यात पतंग गेले. मुखपृष्ठावर होतं: संकल्पना व लेखन, आणि पुढे माझं नाव. जनरलसाहेबांचं कौतुकाचं पत्र माझ्या फाइलला लागलं. मी नायकाला दहा दिवसांची जादा रजा मिळवून दिली आणि हिशेब मिटला असं समजलो. मुखपृष्ठावर खोटं काही नव्हतं. पुस्तकाची कल्पना माझी होती, शब्द माझे होते. चित्रं कोणाची हे लिहा असं मला कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यानेही कधी काही म्हटलं नाही. नायक कॅप्टनला काय म्हणणार? मूळ पानं छापखान्यातून माझ्याकडे परत आली, ती मी ट्रंकेत टाकली. ट्रंक माझ्याबरोबर अकरा पोस्टिंगं फिरली.

मी आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बघितला. कलम १७ प्रमाणे असं काम सरकारचं. बरोबर आहे, पगार सरकारचा होता. पण पुढे कलम ५७ आहे. ते म्हणतं की हक्क दुसऱ्याचा झाला तरी ‘हे मी केलं’ असं सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि मी तीस वर्षं दोन्हींना एकच समजत होतो. त्यातली एक सरकारची होती. दुसरी त्याची होती, आणि ती माझ्या ट्रंकेत होती.

पत्ता शोधायला चार महिने लागले. गेलो तेव्हा कळलं, तो हवालदार होऊन निवृत्त झाला आणि काही वर्षांपूर्वी वारला. मुलाचं हायवेवर गॅरेज आहे. मी ओळख सांगितली, पानं पुढे केली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबा सांगायचे, मी एक पुस्तक केलंय, आर्मीनं छापलंय. आम्हाला वाटायचं, थापा मारतात. चुलते तर तोंडावर हसायचे.’

मी छापील प्रतही नेली होती. त्याने मुखपृष्ठ वाचलं. परत वाचलं. ‘यावर बाबांचं नाव नाही, साहेब.’

‘नाही,’ मी म्हटलं.

तो आत गेला, साबणाने हात धुऊन आला. काउंटरवरचं ऑइल फडक्याने पुसलं, त्यावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक मूळ पान मांडून बघायला लागला. कोपऱ्यातला पतंग बघितला की तिथे बोट ठेवायचा आणि पुढच्या पानाकडे जायचा. चहा आला तो गार झाला.

निघताना मी त्याला विचारलं, मला कुठे बोलायची वेळ आली तर तुझ्या वडिलांचं नाव घेऊ का? तो म्हणाला, आईला विचारून कळवतो. पुढे मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तो चांगलं बोलला, दोन्ही वेळा म्हणाला, कळवतो. अजून कळवलेलं नाही, म्हणून आज मी नाव घेतलं नाही. या भाषणांचं पुस्तक निघणार आहे असं संयोजक म्हणतात. तोपर्यंत निरोप आला तर नाव त्यात छापा, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.